यमन, मालकंस आणि तीन जपानी यंत्रे

एक सा लावा. तुमच्या गळ्याला सोयीची असेल ती पट्टी घ्या. ओठांचा चंबू करून ‘ऊ’ने सुरुवात करा आणि सूर जराही न हलवता, तोंड हळूहळू उघडत ‘ओ’वरून ‘आ’वर या. काय झाले? सा तोच राहिला, पण आवाज उजळत गेला. गळ्यातून निघणारा कुठलाच सूर एकटा नसतो. त्याच्या आत अनेक उंच, बारीक सूर मिसळलेले असतात. तोंड मिटलेले असताना त्यातले बरेचसे आतच अडतात, आणि तोंड उघडले की ते बाहेर पडू लागतात. म्हणजे तोंड ही आवाजाची चाळणी झाली.

हीच चाळणी विजेच्या तारांनी बांधली तर? १९८१च्या अखेरीस जपानच्या रोलँड कंपनीने एक छोटा चंदेरी डबा बाजारात आणला. नाव टीबी-३०३. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याच्या साथीला आपोआप बेस वाजत राहावा, एवढाच त्याचा हेतू. त्यावर बोटाने फिरवायची काही बटणे होती. त्यातले एक फिरवले की चाळणी उघडते आणि मिटते. दुसरे फिरवले की चाळणी ज्या ठिकाणी सूर अडवते, नेमकी तिथली धार वाढते आणि आवाज किंचाळल्यासारखा होतो. गिटारवाल्यांना हा डबा मुळीच आवडला नाही. त्याचा बेस खऱ्या बेस गिटारसारखा वाटेना. १९८४पर्यंत रोलँडने त्याचे उत्पादन बंद केले आणि हे डबे जुन्या सामानाच्या दुकानांत मिळेल त्या किमतीला जाऊ लागले.

शिकागोतल्या काही तरुणांनी असाच एक जुना डबा घेतला. बेसची ओळ सुरू ठेवून ते बटणे पिळत बसले. १९८७ साली फ्यूचर या त्यांच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड निघाली. असे सांगतात, की क्लबात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा नाचणारे बुचकळ्यात पडून बाजूला झाले. त्याच रात्री ती चौथ्यांदा वाजली, तेव्हा मात्र त्यांना वेड लागले. त्या आवाजाला ‘ॲसिड हाउस’ हे नाव पडले, तो अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोहोचला आणि जगभरच्या नाचाचे संगीत बदलून गेले.

आता खरी गंमत ऐका. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८२ साली, मुंबईत एका माणसाने हाच डबा घेऊन अख्खी तबकडी वाजवली होती. खाली तोच गुरगुरणारा बेस, तोच एकसारखा धपधपणारा ठेका आणि वर यमन, भूपाळी, मालकंस, तोडी, ललित, मधुवंती, कलावती, मेघमल्हार, बैरागी, भैरवी. त्या माणसाचे नाव चरणजित सिंग. तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती काढली एचएमव्हीने, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुत्र्याच्या आणि भोंग्याच्या चित्रवाल्या कंपनीने.

हा माणूस होता तरी कोण? हिंदी चित्रपटसंगीत ऐकलेल्या प्रत्येकाने त्यांचे वाजवणे ऐकलेले आहे. फक्त त्यांचे नाव ऐकलेले नाही. गायकाचे नाव तबकडीवर येई, संगीतकाराचे येई, गीतकाराचे येई. मागे बसलेल्या चाळीस-पन्नास वादकांचे मात्र सहसा येत नसे. चरणजित सिंग त्या मागच्या रांगेतले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे ते बेस गिटार वाजवत. विजेवर चालणाऱ्या ॲकॉर्डियनसारखे ट्रान्झिकॉर्ड नावाचे एक वाद्य असे, तेही वाजवत. शिवाय लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा असे. थोडक्यात, दिवसा स्टुडिओ, संध्याकाळी मांडव. नवे वाद्य दिसले की ते हाताखालून घालायचे आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला हजर व्हायचे, ही त्या काळच्या मुंबईच्या वादकांची रीतच होती.

या रीतीला परंपराही होती. १९५४च्या ‘नागिन’मधली पुंगी आठवते? आजही लग्नाच्या वरातीत ती लागली की माणसे रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळतात. ती पुंगी पुंगीवर वाजलेली नाही. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हायोलिनवर वाजवली होती. क्लॅव्हायोलिन म्हणजे पट्ट्यांचे, विजेवर चालणारे वाद्य. आपल्याकडे गारुड्याचा म्हणून जो आवाज सर्वांच्या कानांत बसला आहे, तोच मुळात इलेक्ट्रॉनिक आहे!

रागाला परदेशी साजात बसवण्याचा प्रयोगही मुंबईला नवा नव्हता. १९६८मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही तबकडी काढली. अकरा राग, रईस खाँची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आणि सोबत ट्रम्पेट, पियानो, गिटार, ड्रम, तबला. वादकांत गोव्याची बरीच मंडळी होती. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारी आणि दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग करणारी ही माणसे त्या काळच्या चित्रपटसंगीताचा कणाच होती. तोडी, मालकंस, कलावती, बैरागी आणि भैरवी हे पाच राग त्या तबकडीतही आहेत आणि चौदा वर्षांनंतरच्या चरणजित सिंग यांच्या तबकडीतही. पण त्या खेपेला वादकांनी खोली भरली होती. या खेपेला एक माणूस होता आणि तीन यंत्रे.

ही यंत्रे एकेक करून पाहू. पहिले आपले टीबी-३०३. दुसरे टीआर-८०८, ठेका धरणारे यंत्र. तिसरे ज्युपिटर-८, म्हणजे पट्ट्यांचा भलामोठा सिंथेसायझर. एका वेळी आठ सूर वाजवू शकणारा. तिन्ही रोलँडचीच आणि त्या काळी अगदी नवी. टीबी-३०३ चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून आणला होता.

८०८ची कथा तर विलक्षण आहे. त्यात खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नाही. आत आहेत नुसती विजेची मंडले. ढोलावर थाप पडली की काय होते? पडदा जोरात हलतो आणि हळूहळू शांत होतो. मग विजेलाच तसे हलवायचे आणि शांत होऊ द्यायचे. झाला ढोल! झांजेसाठी सहा बेसूर भोंगे एकाच वेळी वाजवायचे आणि त्यांतला खालचा भाग गाळून टाकायचा. उरते ती झांजेची चमक. पण सगळ्यांत मोठे आश्चर्य पुढेच आहे. त्या यंत्राला लागणारी चरचर साध्या ट्रान्झिस्टरमधून मिळेना. तेव्हा रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले. कारखान्यांनी नापास केलेला माल! पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचे तंत्र सुधारले, असा बिघडलेला माल मिळेनासा झाला आणि १९८३मध्ये ८०८चे उत्पादन थांबले. चांगला माल आल्यामुळे बंद पडलेले यंत्र दुसरे कुठले असेल?

आता ८०८चा ठेका आणि ३०३चा बेस एका लयीत कसे आणायचे? आज कुठलाही कीबोर्ड कुठल्याही संगणकाला जोडता येतो, कारण १९८३मध्ये प्रमुख कंपन्यांनी मिळून ‘मिडी’ नावाची एक सामाईक भाषा ठरवली. चरणजित सिंग यांनी तबकडी केली ती त्याच्या आदल्या वर्षी. त्यांच्या हाताशी होती ती रोलँडची जुनी पद्धत. एका यंत्राने तारेतून दुसऱ्याला विजेचे ठोके पाठवायचे, एका मात्रेला चोवीस. ठोका आला की दुसरे यंत्र एक पाऊल पुढे सरकते. मात्रेचा चोविसावा भागही चुकत नाही. विचार करा, तबलजीशी लय जुळवायला गवय्याला किती वर्षे घालवावी लागतात!

आणि इथे माझ्यासारख्या मराठी कानाला पहिला सुखद धक्का बसतो. ८०८ काय किंवा ३०३ काय, दोघांचीही आवर्तने सोळा घरांची. ८०८वर तर सोळा बटणे ओळीने मांडलेली आहेत. कुठल्या घरात ढोल हवा, कुठल्या घरात झांज हवी, ते दाबून ठरवायचे. सोळावे घर संपले की पुन्हा पहिले. चार-चारचे चार भाग आणि मग सम. ओळखीचे वाटते ना? तीनतालाच्या मात्राही सोळा आणि विभागही चार-चारचे चार. जपानी अभियंत्याने हे काही आपला ताल पाहून केले नव्हते. पाश्चात्त्य संगीतातला चारचा हिशेब सोळाच्या घरांत नीट बसतो, म्हणून केले. तरी मोजणी तंतोतंत जुळली. फरक एकच आणि तो फार मोठा आहे. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, बायाँ गप्प होतो आणि आपण तालात कुठे आहोत ते न मोजता कळते. डिस्कोत खाली नाही. चारही ठोके सारख्याच वजनाचे. सगळ्याच टाळ्या!

मग अशा ठेक्यावर राग टिकतो कसा? या तबकडीचे सगळे मर्म इथे आहे.

त्या वेळी डिस्कोची लाट होती. १९८०मध्ये ‘कुर्बानी’तले नाझिया हसनचे गाणे घराघरांत वाजत होते आणि १९८२ संपता संपता ‘डिस्को डान्सर’ आला. चरणजित सिंग यांच्या मनात आले, की डिस्कोचा ठेका घ्यावा, तबला बंद ठेवावा आणि वर शुद्ध राग वाजवावा. ऐकायला सोपे वाटते. पण डिस्कोत ठेक्याशिवाय आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कॉर्ड. दर काही मात्रांनी सुरांचा खालचा जुडगा बदलतो आणि गाणे एका घरातून दुसऱ्या घरात जाते. रागाला हे चालत नाही. रागाचे घर एकच, त्याचा सा. तानपुरा तास-तास तोच सूर धरून बसतो तो याचसाठी. मालकंसात रिषभ आणि पंचम मुळीच नाहीत. खालून पंचमवाला कॉर्ड वाजला, की मालकंस तिथेच संपला.

म्हणून चरणजित सिंग यांनी डिस्कोचा ठेका ठेवला आणि बदलते कॉर्ड टाकून दिले. बेसच्या डब्यात रागाच्याच स्वरांची छोटी ओळ भरली आणि ती फिरत ठेवली. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, पाच मिनिटे. हे आपण आणखी कुठे ऐकतो? एकल तबल्याच्या मैफलीत! पेटीवाला लेहरा धरतो. तीच सोळा मात्रांची धून तो तासभर न थकता वाजवतो आणि तिच्या आधाराने तबलजी आपला खेळ मांडतो. मुंबईतल्या या तबकडीत तो लेहरा टीबी-३०३ने धरला आहे. आणि पुनरावृत्ती हेच तर पुढे शिकागोच्या नाचाचे प्राणतत्त्व ठरले! तिथल्या तरुणांना हा मार्ग क्लबात सापडला, कारण नाचणाऱ्याला सलग लय हवी असते. चरणजित सिंग यांना तो रागाच्या शिस्तीत सापडला. दोन वेगळ्या कारणांनी, हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची गंधवार्ता नसताना दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या.

आता मींडेकडे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्याकडे, येऊ. पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजवायचा म्हटला, की जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. उगीच नाही. पेटीच्या दोन पट्ट्यांमध्ये फट असते आणि मींड नेमकी त्या फटीतच राहते. याच कारणाने १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवाल्याचे राज्य पाहिलेल्या महाराष्ट्राला हे किती लागले असेल! सिंथेसायझरलाही पेटीसारख्याच पट्ट्या. पण ज्युपिटर-८च्या पट्ट्यांच्या डाव्या बाजूला एक दांडी आहे. उजव्या हाताने पट्टी दाबायची, डाव्या हाताने दांडी कलवायची, की सूर लवतो. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही आहे. आत पेटीसारखी पितळेची पत्ती नसल्यामुळे सूर खिळलेला नाही. विजेचा दाब किंचित वाढवला की सूर चढतो, तेवढेच. पेटीला जे शक्य नव्हते, ते पट्ट्यांच्या या वाद्याला जमले.

आणि टीबी-३०३? त्यातही एक बटण आहे. ते कुठल्याही घराला लावले, की तो सूर तुटत नाही, पुढच्या सुरावर घरंगळत जातो. म्हणजे बेसमध्येही मींड. ज्यांनी ते यंत्र घडवले, त्या तादाओ किकुमोतो यांनी बेस गिटारवरची बोटाची घसरण डोळ्यांपुढे ठेवली असेल. मुंबईत त्या सोयीला रागातले हक्काचे काम मिळाले.

पण पाच मिनिटांत राग मांडून होतो का? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या काढून ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत त्यांनी रागाचे सगळे रूप उभे केले आहे. वेळ कमी असला, की कलावंताला रागाचा चेहरा चटकन दाखवावा लागतो. चरणजित सिंगही तेच करतात. आधी छोटीशी आलापी, ठेक्याशिवाय. मग यंत्रे सुरू होतात आणि त्यांचा उजवा हात रागाच्या ओळखीच्या वळणांवरून धावू लागतो. विलंबित नाही, बढत नाही. पण भूपाळी भूपाळीच राहते आणि यमन यमनच. दोन दिवसांत हे सगळे रेकॉर्डिंग आटोपले, असे ते सांगत. स्टुडिओत एकाच दमात पीस वाजवून मोकळे होण्याची आयुष्यभराची सवय इथे कामाला आली.

तबकडी बाजारात आली आणि कुणी फारशी घेतली नाही. डिस्को हवा होता त्यांना त्यात गाणे नव्हते. राग हवा होता त्यांना तबला-तानपुरा नव्हता. चरणजित सिंग पुन्हा आपल्या रेकॉर्डिंगांकडे आणि ऑर्केस्ट्राकडे वळले. वीस वर्षे गेली. २००२मध्ये एदो बाउमन हे डच संग्राहक दिल्लीत जुन्या तबकड्या धुंडाळत होते. त्यांच्या हाती ही तबकडी लागली. सुई टेकवली आणि ते थक्क झाले. हा आवाज १९८२ सालात असूच कसा शकतो? त्यांनी मुंबईला येऊन चरणजित सिंग यांना गाठले आणि २०१०मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती तबकडी पुन्हा काढली. युरोपात काहींना वाटले, की ही थाप आहे. आजच्या कुण्या संगीतकाराने जुन्या भारतीय तबकडीचे सोंग घेऊन आपल्याला फसवले आहे! एवढा अविश्वास वाट्याला येणे ही केवढी दाद. पण माणूस खरा होता, यंत्रे खरी होती आणि तारीखही खरी होती. सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग मग युरोपात गेले आणि नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढे हेच राग त्याच ठेक्यावर वाजवून आले. जुलै २०१५मध्ये मुंबईत ते गेले.

मग ॲसिड हाउसचा जन्म मुंबईत झाला, असे म्हणायचे का? मला ते योग्य वाटत नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकल्याचा कुठलाही पुरावा नाही. चरणजित सिंग यांनी ते संगीत जन्माला घातले नाही. एका वेगळ्या, आपल्या वाटेने ते त्याच्या आधी तिथे पोहोचले. माझ्या मते ही गोष्ट जास्त मोठी आहे. भविष्य ओळखायला त्यांना भविष्याकडे पाहावेच लागले नाही. जुन्या रागाचे नियम त्यांनी नव्या यंत्रात प्रामाणिकपणे पाळले, एवढेच.

आणि हे काही कुठल्या दूरच्या जगातले नाही. आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरात गणपतीची मिरवणूक उपवन तलावाकडे निघते तेव्हा टेम्पोवर बेंजो पार्टी असते. वाजवणाऱ्याचा उजवा हात बेंजोवर किंवा कीबोर्डवर धावत असतो आणि शेजारचा गडी ऑक्टोपॅडवर काठ्या मारत असतो. ऑक्टोपॅड हे यंत्र कुणाचे? रोलँडचेच, १९८५ सालचे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या किती ऑर्केस्ट्रांची त्याच्याविना घडी बसत नाही! यंत्र जपानचे, चाल आपली आणि ते जुळवणारा हात कुणा अनाम वादकाचा. चरणजित सिंग याच जातकुळीतले होते.

तेव्हा ही तबकडी एकदा शांतपणे ऐका. आज ती सहज मिळते. मालकंसापासून सुरुवात करा. पहिल्यांदा फक्त वरची सुरावट ऐका आणि राग ओळखा. दुसऱ्यांदा हातावर सोळा मोजत खालच्या बेसचा लेहरा ऐका. आणि पुढच्या वेळी एखाद्या कार्यक्रमात कीबोर्डवाल्याने किंवा बेंजोवाल्याने अंगावर काटा आणला, तर कार्यक्रम संपल्यावर जाऊन त्याचे नाव विचारा आणि लिहून ठेवा. मागच्या रांगेतल्या माणसांची नावे आपण टिपून ठेवली नाहीत, तर ती शोधायला पुन्हा कुणाला तरी परदेशातून यावे लागेल.